टेपवरचा पूर्ण पत्ता

टेप माझ्या मांडीवर होती. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, घडी घातलेल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून. आमच्या ऑफिसच्या व्हॅनचा ड्रायव्हर बलबीर मला तिसऱ्यांदा सांगत होता की डबा मागच्या फळीवर ठेवा आणि आरामात बसा. मागच्या फळीवर त्याचे दोन मोठे स्पीकर होते. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि टेप चुंबकाजवळ गेली की तिच्यावरचं लिखाण बिघडू शकतं. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने आरशातून डब्याकडे पाहिलं.

"मैडम, इसमें तो पराँठे हैं ना?"

रेवा, निनाद, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की आजी ऑफिसात नेमकं काय करायची. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. विभागात मी एकटीच होते.

आमची संस्था देशी बियाणी जमवायची. गावोगाव जायचं, शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बी मूठभर मागून आणायचं, पुडीत घालून थंड खोलीत ठेवायचं. हे काम करत होते डॉ. सय्यद. मूळचे नगरचे, बावीस वर्षं दिल्लीत, आणि ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारे एकटेच. त्यांनी चौदा वर्षांत नऊ हजारांच्या वर पुड्या जमवल्या होत्या. प्रत्येक पुडीवर फक्त एक नंबर. त्या नंबराचं बी कुठल्या गावचं, कोणी दिलं, कधी पेरतात, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या यादीत. त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या होत्या, पण एका वर्षी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि निम्म्या वह्यांचा लगदा झाला. म्हणजे यादी गेली तर पुड्यांत उरणार नुसते दाणे आणि नंबर. डॉ. सय्यद त्या महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते.

त्याच महिन्यात ऑफिस हललं. कस्तुरबा गांधी मार्गावरची जागा मालकाला परत हवी होती. आमच्या डायरेक्टरांनी, खन्नासाहेबांनी, गुडगावला नवीन इमारत घेतली होती. तेव्हा सगळेच गुडगावला निघाले होते. काल सरसोंचं शेत होतं तिथे आज काचेची इमारत, आणि दोन्हींच्या मधून म्हशी. नवीन इमारतीत नवीन कॉम्प्युटरही काही महिन्यांपूर्वीच आला होता. जुन्या यंत्रातली यादी नव्या यंत्रात न्यायची, एवढंच माझं काम.

"फ़ाइल कॉपी ही तो करनी है, मैडम," खन्नासाहेब म्हणाले.

आज तुम्ही अंगठ्याने एक बटण दाबता आणि फोटो टोरांटोहून दिल्लीला येतो. तेव्हा दोन यंत्रांची एकमेकांशी ओळखच नव्हती. टेलिफोनच्या तारेवरून माहिती पाठवण्याची सोय होती. मी आकडेमोड केली. लाइन एकदाही तुटली नाही तर चार दिवस आणि चार रात्री. आमची लाइन सलग दहा मिनिटं टिकली तर आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो. फ्लॉपी चालणार नव्हत्या, कारण जुन्या यंत्राच्या फ्लॉपी पापडाएवढ्या आणि नव्याच्या बिस्किटाएवढ्या. उरली टेप. जाडजूड कॅसेटसारखी, एकीत सगळं मावणारी.

टेपवर एकेक फाइल सुटी ठेवत नाहीत. घर हलवताना आपण वाट्या-चमचे सुटे नेत नाही, चादरीत बांधून गाठोडं करतो, तसंच. युनिक्स नावाच्या व्यवस्थेत, जी आमच्या दोन्ही यंत्रांवर होती, गाठोडं बांधणारे दोन प्रोग्राम असत. एकाचं नाव टार आणि दुसऱ्याचं सीपीआयओ. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं.

कुठला प्रोग्राम घ्यायचा, याचा मी आठवडाभर विचार केला. कारण दोन यंत्रांच्या चिप वेगवेगळ्या जातीच्या होत्या आणि मोठे आकडे उलट क्रमाने लिहायच्या. तुमच्यासाठी सोपं करून सांगते. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच, मग वीस. इंग्रजीत तुम्ही ट्वेंटी-फाइव्ह म्हणता. जुनं यंत्र एका पद्धतीचं, नवं दुसऱ्या. सीपीआयओ गाठोड्यावरची चिठ्ठी अशा आकड्यांत लिहायचा, त्यामुळे पलीकडचं यंत्र ती वाचताना गोंधळलं असतं. टार चिठ्ठी साध्या अक्षरांत लिहायचा. म्हणून टार. महिनाभर आधी मी एका छोट्या फाइलची टेप गुडगावला पाठवून तिथे वाचून पाहायलाही सांगितलं होतं. वाचली गेली. मी स्वतःवर फार खूश होते.

गुरुवारी खरी टेप बनवली. हुकुमात मी प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. कॉम्प्युटरमध्ये फाइलचा पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक म्हणजे मी बसले आहे तिथून, समोरच्या कपाटात, वरचा कप्पा. दुसरा म्हणजे घराच्या मुख्य दरवाजापासून, आत येऊन अमुक खोली, अमुक कपाट, वरचा कप्पा. दुसऱ्या तऱ्हेत पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरकी रेघ लागते. तिला स्लॅश म्हणतात. तो मुख्य दरवाजा.

मला दुसरी तऱ्हाच माहीत होती असं नाही. पण माझी पहिली नोकरी सरकारी होती. तिथले सुपरिंटेंडेंट फाइलचा पूर्ण नंबर नसलेली टिपणी न वाचता परत पाठवायचे. अर्धा नंबर म्हणजे हरवलेली फाइल, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्या हाडात मुरलं. तुमची आई पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची तेव्हा तिच्या डब्यावर मी पिनकोडसकट पत्ता लिहिला होता. ती अजून त्यावरून मला हसते. तर टेपवरच्या सगळ्या फाइलींना मी तिरक्या रेघेपासून सुरू होणारे, भरभक्कम पूर्ण पत्ते दिले.

मग टेपवर काय आहे ते छापून यादीशी ताडून पाहिलं. एकही फाइल कमी नव्हती. दुसरी टेप बनवली, तीही ताडली. दोन टेपा एका गाडीतून न्यायच्या नाहीत, हा माझा नियम. एक मी व्हॅनमधून नेणार होते आणि दुसरी डॉ. सय्यद बसने.

"बाई, हे म्हणजे नवरा-बायकोने एका विमानाने जायचं नाही, तसलं झालं," ते म्हणाले.

"अगदी तसलंच."

"मग मी नवरा की बायको?"

"तुम्ही बॅकअप."

शुक्रवारी नव्या यंत्राच्या कंपनीची माणसं जुनं यंत्र घेऊन गेली. तसा करारच होता, नवं घेताना जुनं परत. मी खन्नासाहेबांना आठवडाभर ते ठेवून घ्यायला सांगितलं होतं. ते म्हणाले, टेप चेक केलीत ना? मी म्हटलं, दोनदा. मग कशाला ठेवायचं? दुपारपर्यंत त्याची डिस्क पुसून झालेली होती.

आणि शनिवारी सकाळी मी डबा मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये होते.

गुडगावला पोचून आम्ही पाऊण तास हरवलो. माझ्या हातात टाइप केलेला पत्ता होता, प्लॉट, सेक्टर, फेज, जिल्हा, पिन. पण सेक्टरच्या पाट्या अजून लागलेल्या नव्हत्या. आमच्याच नंबरचा एक प्लॉट दुसऱ्या सेक्टरात निघाला. तिथे एक म्हैस आणि विटांचा ढीग होता. शेवटी बलबीरने माझ्या हातातला कागद बाजूला सारला आणि पानवाल्याला विचारलं. पानवाला म्हणाला, "यहाँ से सीधा, पानी की टंकी के पीछे, जहाँ काला जनरेटर खड़ा है।" चार मिनिटांत पोचलो. या प्रसंगातून मी काहीच शिकले नाही.

वर कॉम्प्युटरच्या खोलीत मनजीत होती. मनजीत कौर, वनस्पतिशास्त्रात एम.एस्‌सी., मुनिरकात खोली घेऊन राहायची आणि सात महिन्यांपासून नव्या यंत्रावर पूर्वेकडच्या राज्यांतल्या धानाची यादी भरत होती. ती पराठा खात होती. डॉ. सय्यद माझ्याआधी पोचून, आपली टेप शर्टाच्या आत पोटाशी धरून खुर्चीवर बसले होते. बसमध्ये खिसेकापू असतात म्हणे.

मी टेप घातली. गाठोडं सोडण्याचा हुकूम टाइप केला. एंटर. टेप गुरगुरली आणि पडद्यावर फाइलींची नावं उमटू लागली, एकेक करत. धान एक. धान दोन. डॉ. सय्यदांनी डोळे मिटले. मला वाटतं ते दुआ म्हणत होते.

"मैडम जी," मनजीत माझ्या खांद्यामागून म्हणाली, "ये तो मेरी फ़ाइलों के नाम हैं।"

मी हसून तिला सांगितलं की यादी भरण्याचा प्रोग्राम एकच आहे, तेव्हा नावं सारखीच असणार. एवढं बोलले आणि बोलता बोलता मला ते दिसलं. प्रोग्राम एकच. नावं सारखी. खोलीही सारखी, कपाटही सारखं. आणि माझ्या टेपवर लिहिलेला पत्ता मुख्य दरवाजापासूनचा. टेप बिचारी पत्त्याप्रमाणे चालली होती. मुख्य दरवाजातून आत, त्या खोलीत, त्या कपाटात, आणि तिथे ठेवलेलं मनजीतचं सामान काढून त्या जागी डॉ. सय्यदांचं.

मी डिलीटची कळ दाबली. तेव्हा ती चालू काम तोडण्याची कळ असे. धान तीनच्या मध्यावर टेप थांबली.

मनजीतने पराठा कागदावर ठेवला, बोटं पुसली, दुसऱ्या पडद्यावर आपली फाइल उघडली. पूर्वेकडच्या धानाच्या जागी नगर जिल्ह्यातलं धान होतं.

"एक, दो, तीन गए," ती म्हणाली. "बाक़ी हैं।"

मी तिची माफी मागितली. ती काहीतरी पुटपुटली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. सात महिन्यांतल्या पहिल्या सहा आठवड्यांचं काम होतं ते.

आता पेच असा. टेप पुढे सोडली तर मनजीतची उरलेली यादी जाणार. नाही सोडली तर डॉ. सय्यदांची चौदा वर्षं त्या कॅसेटमध्येच राहणार. नवीन टेप साध्या पत्त्यांनी बनवावी तर जुनं यंत्र पुसून झालेलं. तेव्हाचा टार हट्टी होता, टेपवर जो पत्ता तोच खरा. मनजीतची यादी दुसरीकडे हलवून मग टेप सोडता आली असती. पण टेपवर मी यंत्राने कसं चालायचं ते ठरवणाऱ्या काही फाइलीसुद्धा घेतल्या होत्या, हौसेने, काही राहू नये म्हणून. त्या नव्या यंत्राच्या तशाच फाइलींवर जाऊन बसल्या असत्या, आणि मग ते सोमवारी उठलंच नसतं. सोमवारी परदेशी पाहुणे येणार होते. त्यांच्या पैशाच्या मदतीवर संस्थेची पुढची तीन वर्षं अवलंबून होती.

कंपनीच्या इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, जुन्या यंत्रावर परत टेप बना लीजिए. मी म्हटलं, ते तुम्हीच नेलंत. तो म्हणाला, हाँ, वो तो है.

खन्नासाहेब वर आले. मी त्यांना जे झालं ते सरळ सांगितलं.

"ग़लती किसकी है?"

"मेरी।"

"पूरी?"

"पूरे पते समेत।"

ते भांडायच्या तयारीने आले होते. समोर कोणी भांडायला नव्हतं. त्यांनी चहा सांगितला आणि ते खाली गेले.

चहा आला. डॉ. सय्यद मला धीर द्यायच्या प्रयत्नात होते. खरं म्हणजे मी त्यांना द्यायला हवा होता. ते त्यांच्या वडिलांविषयी बोलू लागले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांना नगरहून दिल्लीला आणलं. फ्लॅटमध्ये ते सारखे अडखळायचे. मग डॉ. सय्यदांनी एक खोली रिकामी केली आणि नगरच्या घरातल्यासारखी मांडली. पलंग त्याच भिंतीशी, माठ त्याच कोपऱ्यात, चपला उंबऱ्याच्या डावीकडे. त्यानंतर अब्बा एकदाही पडले नाहीत.

"त्यांना वाटायचं, तेवढंच घर आहे. बाहेर आमचा संसार चालायचा, त्याला त्यांचा धक्का नाही. त्यांना आमचा नाही."

मी कप खाली ठेवला. यंत्राची मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तकं, मी सोबत आणली होती, सातच्या सात फायली, पाठीवर नंबर घातलेल्या. खन्नासाहेब त्यावरून हसले होते. पाचव्या नंबरच्या फायलीत, कोणी कधी न वापरणाऱ्या हुकुमांमध्ये, एक हुकूम मी कधीतरी वाचला होता. नाव सी-एच-रूट. त्याचं काम एकच. एखाद्या प्रोग्रामला एका खोलीत बसवायचं आणि सांगायचं, हेच सगळं घर. याच खोलीचा दरवाजा म्हणजे मुख्य दरवाजा. मग त्याला बाहेरचं काही दिसत नाही. तो पूर्ण पत्त्याने जाईल, पण खोलीतल्या खोलीतच.

मी एक रिकामी खोली तयार केली. तिला नाव दिलं सय्यद. तिच्यात टार प्रोग्राम नेऊन ठेवला. टेपपर्यंत पोचायची वाट आत करून दिली. हुकूम दिला.

काही झालं नाही. यंत्र म्हणालं, टार सापडत नाही.

"अब्बांचा चष्मा राहिला असेल," डॉ. सय्यद म्हणाले.

चष्माच म्हणायचा. टारला काम करायला आणखी एक मदतनीस फाइल लागायची. ती बाहेर राहिली होती आणि आतून त्याला बाहेरचं दिसत नव्हतं. ती आत आणली. मनजीत खिडकीपासून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. एंटर दाबण्याआधी मी तिच्याकडे पाहिलं. तिने आधी आपल्या उरलेल्या फाइलींची नावं कागदावर उतरवली, त्यांचे आकार शेजारी लिहिले आणि मग मान हलवली. त्या क्षणी मला ती मुलगी फार आवडली.

टेप गुरगुरली. धान एक. धान दोन. धान तीन. बाजरी. मनजीत दुसऱ्या पडद्यावर आपल्या फाइली पुन्हा पुन्हा पाहत होती. "हिली नहीं," ती दर मिनिटाला सांगत होती. ज्वारी. तूर. मध्येच वीज गेली. काळा जनरेटर खोकला आणि बॅटरीच्या जोरावर यंत्र तेवढा वेळ तग धरून राहिलं. हरभरा. हुलगे. चाळीस मिनिटांनी टेप आपणहून थांबली. सगळी यादी सय्यद नावाच्या खोलीत होती, एकही फाइल कमी नाही. मनजीतची यादी होती तिथेच होती, पहिल्या तीन फाइली सोडून.

डॉ. सय्यदांनी शर्टाच्या आतून दुसरी टेप काढली आणि टेबलावर ठेवली.

"आता श्वास घेतो," ते म्हणाले.

राहिल्या मनजीतच्या तीन फाइली. तिचे कागदी फॉर्म कपाटात होते, चारशे बारा. रविवारी सकाळी आम्ही तिघं पुन्हा आलो. डॉ. सय्यद वाचायचे, मी टाइप करायची आणि मनजीत तपासायची. चुका मीच जास्त केल्या. तिसाव्या फॉर्मपर्यंत ती माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलली. साठाव्याला म्हणाली, "मैडम जी, मिटाने में आपकी स्पीड ज़्यादा अच्छी थी।" तेव्हा मला कळलं की सगळं ठीक होणार. दुपारी मी डबा उघडला, या वेळी त्यात खरोखर पोळ्या होत्या, आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी साडेपाचला फॉर्म संपले.

सोमवारी पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंनी थंड खोलीतून डोळे मिटून एक पुडी उचलली आणि नंबर वाचला. मनजीतने तो टाइप केला. पडद्यावर आलं ते हरभऱ्याचं देशी वाण. गावाचं नाव, पेरणीचा महिना आणि शेवटच्या रकान्यात, बी देणाऱ्या आजींचं म्हणणं डॉ. सय्यदांनी जसंच्या तसं लिहिलेलं, "याच्या घुगऱ्या मऊ होतात, दात पडलेल्यांना द्या." खन्नासाहेबांनी ते इंग्रजीत करून सांगितलं. बाई हसल्या आणि त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. मदत मिळाली. डॉ. सय्यद महिनाअखेरीला यादी मनजीतच्या हाती देऊन रिटायर झाले. दुसरी टेप मात्र त्यांनी मागून नेली आणि कितीतरी वर्षं पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली. त्यांच्या घरात टेप वाचणारं यंत्र नव्हतं.

यातला धडा फार मोठा नाही. अवघड खड्डा मी आठवडाभर विचार करून ओलांडला आणि सपाट रस्त्यावर पडले. तिथे मी वाकून पाहिलंच नव्हतं, कारण पूर्ण पत्ता लिहिणं ही माझी चांगली सवय होती.

मागच्या उन्हाळ्यात निनाद इथे आला होता, तेव्हा लॅपटॉपवर काहीतरी बांधत होता. मी चष्मा लावून पाहिलं, तर टार. अजून तोच. त्याने पूर्ण पत्ता लिहिला, एंटर दाबलं आणि यंत्राने आपणहून एक ओळ छापली, की नावांच्या सुरुवातीचा स्लॅश, म्हणजे तो मुख्य दरवाजा, मी काढून टाकतो आहे. निनाद म्हणाला, "आजी, ते नेहमीच येतं, कोणी वाचत नाही." मी ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे जगात आणखी कोणीतरी, बहुधा पुष्कळ जणांनी, माझ्यासारखाच पिनकोडसकट पत्ता लिहिला होता.